पप्पांच्या दारासाठी पाटी

नवरा मुलुंडला त्याच्या आईकडे राहायला गेला, त्याला आठ महिने झाले होते. दोन मुलांना घेऊन मी बोरीवलीच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्येच राहिले. एक रविवार आड तो मुलांना घेऊन जायचा आणि संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर सोडायचा. वर येत नसे.

त्याचा वाढदिवस जवळ आला तेव्हा मुलीनेच विषय काढला. "पप्पांच्या दारावर नावाची पाटी नाहीये. आपण बनवू या ना." ती सात वर्षांची, धाकटा चारचा. नको म्हणायला मला कारण सुचलं नाही. खालच्या सुताराकडून प्लायचा तुकडा आणला. दोघांनी तो पॉलिश पेपरने घासला, मी त्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला. तो वाळेपर्यंत धाकटा दर दोन मिनिटांनी बोट लावून बघत होता.

मग मुलीने ब्रश घेतला. वर आडनाव, खाली पप्पांचं नाव, मग तिचं, मग भावाचं.

"तुझं कुठे लिहू?" तिने विचारलं.

"माझं नको. जागा कुठे उरलीय?"

जागा होती. तिथे तिने मासा काढला, पप्पांना सुरमई आवडते म्हणून. धाकट्याने कडेने हिरव्या बोटांचे ठसे उमटवले. आडनावाचं शेवटचं अक्षर कडेला चेपून बसलं होतं, एक वेलांटी भलत्याच बाजूला गेली होती आणि सुरमई उशीसारखी दिसत होती. दोघं जाम खूश होती.

दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत गेली आणि पाटी माझ्यासमोर राहिली. लग्नाआधी मी पाट्या रंगवायचे, दुकानांच्या, दवाखान्यांच्या. तेवढी एक वेलांटी सुधारू म्हणून बसले. मग आडनाव पुसून पुन्हा लिहिलं. मग नावं एका ओळीत आणली, माशाला खवले काढले. दुपारी स्वयंपाकाचंही भान राहिलं नाही. मुलांसाठी करतेय असं मनाशी म्हणत होते, पण ते खरं नव्हतं. मुलुंडच्या त्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्याने थबकून बघावं, सासूबाईंनी रोज बघावं आणि त्याला कळावं की आपण काय सोडून आलोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलगी शाळेतून आली आणि बूट न काढताच पाटीसमोर उभी राहिली.

"हे मी नाही काढलं."

"तुझंच आहे गं. मी जरा नीट केलं फक्त."

ती बूट काढायला वळली. धाकट्याने आपले हिरवे ठसे शोधले. त्यांना मी हात लावला नव्हता.

रविवारी दोघं पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा ती पिशवीत तशीच होती, रिकाम्या डब्याखाली. मुलगी सरळ आतल्या खोलीत गेली. "ताई रडली," धाकटा म्हणाला. मी नवऱ्याला फोन लावला.

"पाटी परत का पाठवलीस?"

"तुझं अक्षर मी ओळखत नाही का? मुलांच्या आडून मला काय सुनावायचंय तुला?"

"मुलांनीच केलीय ती."

"तीही तेच म्हणत होती. आम्हीच केली, आम्हीच केली. पोरीला खोटं बोलायला शिकवतेस?"

"तू तिला खोटारडी म्हणालास?"

"म्हणालो. आईसमोर. नको होतं म्हणायला."

त्याचा आवाज खाली आला होता. खरं सांगायची वेळ तीच होती. पोरीने खरंच लिहिली होती रे, मीच त्यावर रंग फिरवला, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "तुला आयुष्यात कधी कुणाचं कौतुक जमलंय?" आणि फोन ठेवला. भांडण मी जिंकले.

आत गेले तर मुलगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. हे मी नाही काढलं, असं मला तोंडावर सांगणाऱ्या त्या पोरीने तिथे मात्र शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं गं माझं. पप्पांना मी सांगते."

"राहू दे," ती म्हणाली.

मीही राहू दिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वकिलांच्या नोटिसा सुरू झाल्या आणि मग कुठलीच चूक कबूल करायची सोय राहिली नाही.

यंदा पप्पांच्या वाढदिवसाला तिने स्टेशनजवळच्या दुकानातून तयार कार्ड घेतलं. फुगे, केक, आत इंग्रजी चार ओळी. "घरी काढू या का?" मी विचारलं.

"नको. छापलेलं बरं."

घरी आल्यावर नाव लिहायला मी पेन दिलं. ती टेबलाशी बसली आणि लिहिताना मला दिसू नये म्हणून तिने कार्डावर डावा हात आडवा धरला.