माशीचे डोळे

किड्यांचे फोटो काढणारा आमचा इंदूरचा ग्रुप तीनच जणांचा. मी, बँकेतले देवधरजी आणि कॉलेजात शिकवणारी अर्चना. पण किस्से एवढे साचलेत की धड फोटो कमी पडतात. माझा तर वर्षभरात एकही शार्प आला नव्हता. ज्या मावशीने मला वाढवलं, ती प्रत्येक फोटो बघून विचारायची, "हे काय, डाग पडला का?" तिला एकदा तरी धड किडा दाखवायचा, एवढीच माझी जिद्द होती.

पहिल्याच रविवारी बागेत पालथा पडून मुंगीवर फोकस करत होतो. एक काका थांबले. "भिया, क्या गुम गया?" मी श्वास रोखलेला, बोलणार कसा? पाच मिनिटांत चार माणसं गवतात शोधायला लागली. एकाला बटण सापडलं. त्याने ते माझ्या हातात ठेवलं आणि मी निमूट खिशात टाकलं.

देवधरजी मुंग्यांसाठी साखर टाकून बसले. अर्ध्या तासात एक फिरकली तर शपथ. अर्चनाने पोह्यांवरची शेव टाकली, तर लाइन लागली. देवधरजी म्हणाले, "इंदूरच्याच आहेत बेट्या."

अर्चनाला एकदा गळलेल्या पानावर हिरवीगार अळी मिळाली. ती ट्रायपॉड लावेपर्यंत, स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आमच्या शहराच्या झाडणाऱ्या बाई आल्या. "दीदी, इंदौर में कीड़ा? फोटो मत डालना, बदनामी हो जाएगी," म्हणत त्यांनी पानासकट अळी सुपलीत घेतली. अर्चना बिचारी रडायच्या बेतात होती.

शेवटी माझाही नंबर लागला. घरच्या खिडकीत माशी बसली आणि तिचे डोळे असे काही शार्प आले की मी नाचलोच! तुकोगंजच्या एका हॉलमध्ये आमचं छोटं प्रदर्शन होतं. फोटोंखालच्या पाट्या छापणारा पोलोग्राउंडचा, हिंदी बोलणारा. त्याला फोनवर नाव सांगितलं. आमच्या हिंदीत मराठी घुसतेच, तशी घुसली. "लिखो, माशी."

"आपकी?"

"हाँ भिया, मेरी ही है," मी घाईत म्हणालो.

मावशीला हात धरून घेऊन गेलो. भिंतीवर हातभर मोठी माशी, खाली ठळक अक्षरात पाटी: 'मेरी मौसी'. ती लावणारे देवधरजी पाठ फिरवून हसत होते. छापणाऱ्याने माझी 'माशी' हिंदीतली 'मासी', म्हणजे मावशी, ऐकली होती! मावशीने चष्मा पुसला, पाटी वाचली आणि फोटो बराच वेळ बघितला.

"या वेळी डाग नाही पडला," ती म्हणाली. "फक्त काढायच्या आधी सांगायचंस रे. केस तरी विंचरले असते."