चुनखडीतला शंख

आज शेजारच्या बागेत चुना टाकत होते. त्या ओलसर वासासरशी मी बारा वर्षं मागे गेले, पोर्तो रिको बेटावरच्या एका कड्यापाशी.

नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. लवकर दुसरी मिळाली नाही, तर व्हिसाच्या नियमाप्रमाणे अमेरिका सोडावी लागणार होती. पण ट्रिप कॅन्सल होत नव्हती, म्हणून गेलो. समुद्राकाठच्या चुनखडीत शंख आणि पोवळी गच्च रुतून दगड झाली होती. नऊ वर्षांची आमची इरा एकेकावरून हळूच बोट फिरवत होती. मी मात्र सारखा ईमेल बघत येरझाऱ्या घालत होते.

“आई, हा शंख बघ ना! याचा फोटो घरी लावू या?”

“कुठल्या घरी?” मी खेकसले.

तिने बोट मागे घेतलं.

नोकरी मिळाली, आम्ही इथेच राहिलो. इरा आता कॉलेजात आहे. मघाशी राहवेना, म्हणून तिला फोन केला. “तिथे मी तुझ्यावर ओरडले होते, आठवतं?”

“नो, आई. तू रडत होतीस, तेवढंच आठवतं.”

आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, गॉगलमुळे कुणाला कळलं नाही.