कापसातला हरभरा

कोणी काउंटरशी वाकून दबक्या आवाजात "गाठीवर लावायला मलम" मागितलं, की आबा हातातला खल बाजूला ठेवायचे आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारायचे, "गाठ कोनले शे?"

"घरवालीले."

"मंग तिलेच धाड!"

तुम्हीच सांगा, असा कंपाउंडर पदरी असल्यावर जळगावात औषधाचं दुकान चालवायचं कसं? मी मालक, पण नावाचा. गिऱ्हाईक तणतणत समोरच्या दुकानात जायचं. मी म्हणायचो, "आबा, मलमानं कोणी मरत नाही."

"मलम लावत बसल्यानं मरतं," ते म्हणायचे आणि पुन्हा खल ओढायचे.

ज्या बायका यायच्या, त्यांच्या हातात ते फडक्यात बांधलेला कापसाचा गोळा द्यायचे. आत एक हरभरा. "दाबून बघ. लागला? छातीत असं काही हाताला लागलं, तर दुखो न दुखो, डॉक्टरकडे जायचं. सगळ्याच गाठी वाईट नसतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं, मलमानं नाही." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. भर बाजारात असलं बोलणं! मला तोंड कुठं लपवावं कळायचं नाही. किती वेळा त्यांना काढून टाकायचं ठरवलं, पण त्यांच्यासारखं औषध घोटणारा दुसरा कुठून आणणार?

माझी विधवा अक्का आमच्याकडेच राहायची. तिच्या गुडघ्यासाठी म्हणून मी दुकानातून मलमाची डबी न्यायचो. तिसऱ्या डबीला आबांनी माझा हात धरला. "गुडघा कोणता?"

"मला काय ठाऊक? आणि दुकान माझं आहे!" मी डबी हिसकावून घरी गेलो. मागोमाग हे टोपी घालून अंगणात हजर.

"अक्का, गुडघा कोणता?"

"उजवा," अक्का म्हणाली. मग म्हणाली, "डावा."

आबांनी खिशातून तो गोळा काढून तिच्या हातात दिला. माझा नुसता संताप झाला होता. माझ्याच घरात, माझ्याच बहिणीला! अक्काच्या बोटांना हरभरा लगेच सापडला. मग ती गोळा खाली ठेवेचना.

"अशीच शे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

अक्काला मोठ्या दवाखान्यात न्यायला मुंबईच्या गाडीची वाट पाहत स्टेशनवर उभे असताना मी आबांना विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?" ते म्हणाले, "माझ्या बायकोचाही गुडघाच दुखायचा. आठ महिने मलम मीच घोटून दिलं."

इतकी वर्षं मी या माणसावर चिडत होतो, याची मला फार लाज वाटली.

अक्काचं ऑपरेशन झालं. ती बरी होऊन परत आली. पुढं आबा थकले, बोदवडला मुलीकडे गेले आणि तिथंच वारले. आता दुपारी त्यांच्या स्टुलावर अक्का बसते. गिऱ्हाईक अजूनही तणतणत समोर जातं आणि मी अजूनही कपाळाला हात लावतो. हातांनी काळा झालेला कापूस ती अधूनमधून बदलते. हरभरा वाळून खडा झालाय. परवा मी म्हटलं, "अगं, निदान हा आबांचा हरभरा तरी बदल."

तिनं तो मुठीत धरला.

"हाऊ मना शे," ती म्हणाली.