शेपटी वीतभर

आमच्या मोठ्या मामांना स्वस्थ बसलेलं सगळ्या इंझोरीत कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांच्या मते जगातली एकही गाठ दुसऱ्या कोणी नीट बांधलेली नव्हती. शेलूबाजारला जीप लागली की माणसं जागा धरायला आत घुसायची. मामा टपावर चढायचे. परक्यांच्या पोत्यांवरचा दोर सोडायचे, पुन्हा बांधायचे, आणि गाठीपुढे दोराची शेपटी वीतभर उरली का ते मोजायचे. "आखूड शेपटीची गाठ कवाबी सुटन," असं ड्रायव्हरला सुनवायचे. मालेगावच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी मंडपाचे सहा दोर नव्यानं बांधले. मुलीकडच्यांनी त्यांना मंडपवाला समजून मंडपवाल्यांच्याच पंगतीला बसवलं. मामा पोटभर जेवले आणि उठताना वाढप्याच्या कमरेचा पंचाही नीट बांधून आले.

मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. त्यामुळे हे सगळं मला अडाणीपणाचं वाटायचं. एकदा मोटरच्या पाइपाचा गाळ काढायला विहिरीत उतरायचं होतं. दोर मी माझ्याच हातानं कमरेला बांधला. मामांनी कॉलर धरली.

"काय बांधून राह्यला हे?"

"गाठ हाय, मामा."

"फास हाय हा! पाय घसरला तं पोटात आवळन. बकरीले बी मी असा बांधत नाही, तू तं बीएस्सी हाय!"

त्यांनी न आवळणारी गाठ घातली, शेपटी वीतभर ठेवली आणि दुसऱ्या टोकाचे दोन वेढे कडुनिंबाला देऊन दोर धरला. चौथ्या पायरीवर शेवाळ होतं. पाय गेला. मी विहिरीत लोंबकळलो, पण श्वास घेता येत होता. वरून आवाज आला, "गाठ सरकली काय?" मी कसा आहे, हे काही विचारलं नाही. वर आल्यावर मात्र त्यांना स्वतःचीच गाठ सुटेना. दोनदा त्यांनी भलतंच टोक ओढलं.

आता मामांची बोटं आखडलीत. सदऱ्याची गुंडीसुद्धा मामी लावते. परवा त्यांना वाशीमला डॉक्टरकडे न्यायचं होतं. जीपमध्ये ते सारखे वर टपाकडे बघत, उठत, बसत. शेवटी मीच टपावर चढलो. ड्रायव्हर ओरडत होता. मी दोर सोडला, पुन्हा बांधला.

"शेपटी?" खालून मामा.

"वीतभर हाय, मामा."

आत आलो तर ते मागे टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर, अगदी स्वस्थ. या माणसानं घडीभर स्वस्थ बसावं, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. पण ते बघवेना. मी उतरलो आणि बांधलेला दोर सोडायला पुन्हा टपावर चढलो.