लाभ, दोन, तीन

शिवप्रकाशच्या कामाला कुणी नावं ठेवली तर मी आजही त्याला चार शब्द सुनावीन. आणि त्याच्या एका ओळीनं काय केलं तेही मीच सांगणार. कारण त्या ओळीवर ‘चालेल’ म्हणून बोट दाबणारी मी, रेणुका. परभणीला स्टँडच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी. त्याचं टेबल खिडकीशी, माझं त्याला लागून. त्यानं लिहिलेलं मी तपासून ‘चालेल’चं बटण दाबायचं, मगच ते सुरू व्हायचं.

तो मानवतचा. वडील मोंढ्यात मापाडी होते. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. वडील गेले, पण ही खोड पोरात उतरली. डब्यातली पहिली पोळीसुद्धा लाभ! आम्ही लय हसायचो. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि कुणाला उलटून बोलणं नाही. त्याचं नुकसान त्या गप्प बसण्यानं केलं, असं माझं मत आहे.

आमच्याकडं तपासणी शिबिरांचं काम होतं. बायकांच्या छातीतल्या गाठीत सुई घालून नमुना घ्यायचे, तो मोठ्या प्रयोगशाळेत जायचा, प्रयोगशाळा निकाल क्लाउडवर टाकायची. तिथून तो उचलून त्या बाईच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा, एवढं आमच्या प्रोग्रामचं काम. निकालाचे तीनच शब्द होते: दोष नाही, दोष आहे, तपासणी सुरू. पण क्लाउडवाल्यांनी दिलेल्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, ही यादी मुद्दाम उघडी ठेवलेली होती. उद्या चौथा शब्द आला तर तो जसाच्या तसा हातात पडणार. सोबतच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं की यादी वाढू शकते, अनोळखी शब्दाची सोय ठेवा.

शिवप्रकाशनं ती ठेवलीही होती. आमच्या योगीराज साहेबांना ती खटकली. “स्क्रीनवर निकालांचे रंग तीन. चौथा कुठून आणू? तिन्हींचीच पक्की यादी कर.”

यानं ती सोय काढून टाकली. त्यानं आपली बंद यादी बनवली. यंत्र शून्यापासून मोजतं. शब्द ओळखता आला नाही की आमच्या त्या यादीत शून्य उरायचं, म्हणजे पहिल्या जागेवरचं उत्तर. आणि पहिल्या जागी यानं काय ठेवलं? ‘दोष नाही’.

मी म्हटलं, “अरे शहाण्या, ‘तपासणी सुरू’ घे की वर.”

“पहिलं माप लाभाचं असावं, रेणुकाताई. अशुभानं कशाला सुरुवात करायची?”

मी त्याला झापलं. पण साडेपाच झाले होते, माझी बस होती. ‘चालेल’वर बोट दाबलं आणि निघाले.

जानेवारीत प्रयोगशाळेनं चौथा शब्द सुरू केला, ‘नमुना अपुरा’. सुईत नीट काही आलं नाही, पुन्हा या, असा त्याचा अर्थ. तसं पत्र आलेलं होतं. साहेबांच्या मेलमध्ये ते न उघडता पडून राहिलं. आणि ज्या बायकांना पुन्हा बोलवायचं, त्यांना आमचा मेसेज गेला की तपासणीत दोष आढळला नाही.

त्यातली एक गौराबाई, शिवप्रकाशची आई. त्यानंच हट्टानं तिला शिबिरात नेलं होतं.

पुढचं सांगताना माझा जीव जळतो. आरोग्य केंद्राची नर्स ऋतुजा पुन्हा बोलवायच्या बायकांची यादी घेऊन तिच्या घरी गेली. “मावशी, नमुना पुन्हा द्यावा लागतोय.”

गौराबाईनं मोबाइल पुढं केला. “हे वाच. दोष न्हाई. माझ्या लेकाच्या मशिनीनं सांगितलंय. तुझा कागद खरा का माझा लेक?”

ऋतुजा बिचारी दोनदा गेली. दुसऱ्या खेपेला गौराबाईनं तिला चहा पाजून वाटेला लावलं. लेकाच्या कामावर कुणी शंका घेतली हे ऐकून त्याला वाईट वाटेल, म्हणून त्याला यातलं काही सांगितलं नाही.

मेमध्ये गाठ लिंबाएवढी झाली, हात वर होईना. नांदेडच्या डॉक्टरांनी जुना अहवाल मागवला. त्यावर ‘नमुना अपुरा’ लिहिलेलं. शिवप्रकाशनं तिथूनच मला फोन केला. “रेणुकाताई, यादीत पहिलं काय हाय, तेवढं बघा.” मला बघायची गरज नव्हती.

मेसेजवर भरवसा ठेवून बसलेल्या अशा आणखी सदतीस बायका निघाल्या. साहेबांनी आधी काय विचारावं? “बाहेर कुणाला कळलंय का?” मग म्हणाले, “गुपचूप दुरुस्त करा. नवा मेसेज नको, उगाच बोंबाबोंब होईल.”

शिवप्रकाश सरळ आपल्या टेबलाशी गेला. त्यानं सदतीस नावं कागदावर उतरवली आणि मोटारसायकलला किक मारली. अकरा दिवस गावोगाव फिरला. प्रत्येक उंबऱ्यावर हात जोडून एकच सांगायचा, “चूक माझी हाय. तुमचा निकाल आलेलाच न्हाई. उद्याच दवाखान्यात जा.” कुणी पाणी दिलं, कुणी आईवरून शिव्या दिल्या. पेडगावात यादीतल्या तानुबाईच्या मुलानं, मुंजाजीनं, त्याची गचांडी धरली.

बाराव्या दिवशी कंपनीनं त्याला काढलं. कारण दिलं, रुग्णांची माहिती बाहेर नेली! साहेबांना मी तोंडाला येईल ते बोलले. पण नोकरी सोडली नाही, हेही खरं. प्रोग्रामची दुरुस्ती मीच केली. शिवप्रकाशनं पहिल्यांदा लिहिलेल्या चार ओळी शोधून परत घातल्या, बस.

परवा नांदेडला भेटायला गेले. गौराबाईचा नुसता सापळा उरलाय. जानेवारीत आली असती तर, असं डॉक्टर म्हणतात आणि पुढं बोलत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सहज विचारलं, “मशिनीनं असं खोटं कसं सांगितलं वं?”

गौराबाई कोपरावर रेटून उठली. “ती मशीन माझ्या लेकाची न्हवतीच, बाई. त्याची असती तर चुकली नसती. दुसऱ्याच कुण्या मुडद्यानं केलेली असंल. व्हय का न्हाई रे, शिवा?”

शिवप्रकाश खाली मान घालून मोसंबी सोलत होता.

“व्हय, आई,” तो म्हणाला.