नवं घर जुनं करताना

सगळं लातूर नवं बांधत होतं तेव्हा मी नव्याचं जुनं करत बसायचो. आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरावर एक मजला चढायचा, मजल्याच्या खोल्या व्हायच्या आणि जूनमध्ये त्या खोल्यांत बाहेरगावची पोरं येऊन पडायची. त्यांतल्याच काहींना मी एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचो. घसा बसेपर्यंत शिकवून घरी आलो, की टेबलावरचं लाकडी घर पुढ्यात ओढायचो.

हा नाद पुतण्यानं लावला. तो नांदेडहून अमेरिकेला गेला आणि सुट्टीवर येताना दरवेळी एक किट आणायला लागला. खोक्यात लाकडाच्या बारीक पट्ट्या, खिडक्या कापून ठेवलेल्या पातळ फळ्या, पत्र्याचे तुकडे. त्यातून तिकडच्या खेड्यातलं एखादं दुकान किंवा सुताराची शेड उभी करायची. उभी करणं काही मोठं नाही, ते चिकाटी असलेला कुणीही करेल. खरी गंमत त्यानंतर. कोऱ्या लाकडावर पन्नास पावसाळे चढवायचे. ब्लेडच्या पातीनं फळ्यांची टोकं चिरायची, स्पिरिटमध्ये शाई कालवून तिचा पाणीदार हात मारायचा, खिळ्यांखाली गंजाचा ओघळ काढायचा. गंजासाठी आणि धुळीसाठी मी वर्गातले रंगीत खडूंचे तुकडे घरी आणून कुटायचो. बायको म्हणायची, "लोक जुन्याला रंग फासून नवं म्हणून विकतात. आमच्याकडं उलटी गंगा."

एक दिवस तीच म्हणाली, "ती परदेशी दुकानं पुरे झाली. आमचं घर करा."

आमचं म्हणजे तिचं माहेर. औशाच्या पुढचं गाव. भूकंपात ते घर गेलं आणि सासरे त्याच घराच्या माळवदाखाली गेले. माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत. सासूबाई त्या दिवसांत लेकीच्या बाळंतपणासाठी आमच्याकडं लातुरात होत्या, म्हणून वाचल्या. पुढं सरकारनं नव्या जागेवर गाव वसवलं. तिथल्या सिमेंटच्या घरात त्या काही वर्षं मेव्हण्यापाशी राहिल्या आणि गुडघे गेल्यावर आमच्याकडं आल्या. जावयाच्या घरी राहायचं म्हणून पहिले काही महिने त्या पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेला बसायच्या. पण त्या जुन्या घराबद्दल किंवा सासऱ्यांबद्दल इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. विषय निघाला, की उठून भाजी निवडायला घ्यायच्या. त्या घराचा फोटोही नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये सगळा मांडवच. बायकोला वाटत होतं, घर डोळ्यांपुढं आलं तर आई बोलेल. बोलली पाहिजे, नाहीतर असंच आत ठेवून एक दिवस जाईल, ही तिची धास्ती होती. मला वाटत होतं, न बोलणाऱ्याला न बोलू द्यावं. पण काम आवडीचं होतं, म्हणून हो म्हटलं.

घर मला बऱ्यापैकी आठवत होतं. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून मान घ्यायला गेलो होतो, आणि उन्हाळ्यात त्या माळवदावर अंथरूण टाकून झोपलोही होतो. बाकीचं बायकोनं सांगितलं. पाव इंचाला एक फूट धरला. प्लास्टरच्या पाट्या ओतून सुईनं त्यावर दगड कोरले. खांब सागाचे, तुळया सागाच्या, वर ओळीनं बारीक काठ्यांच्या किलच्या. वर मातीचा थर तेवढा शेवटी द्यायचा ठेवला. मग भिंतींवर माझी सगळी विद्या उतरवली. पन्हाळीखाली शेवाळाचा ओघळ, कोपऱ्याला पोपडे, जोत्याला ओल. भूकंप झाला तो पावसाळ्याचा शेवट होता, दसरा यायचा होता, म्हणजे तेव्हा घर असंच दिसत असणार, असा माझा हिशेब. आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं काम ते.

रविवारी सकाळी सासूबाईंपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. सगळ्या बाजूंनी बघितलं. चुलीच्या वर, किलच्यांत, धूर जायला ठेवलेलं भोकसुद्धा बोटानं चाचपलं.

"घर आमचंच हाय," त्या म्हणाल्या. मग पदर नीट केला. "पर असं कामून केलं जावई? मानूस न्हाई राहत का ह्या घरात?"

मी पावसाळ्याचा हिशेब सांगितला. त्यांना तो मुळीच पटला नाही.

"दसरा काढल्याबिगर आमचं घर एक साल राहिलं न्हाई. वाकळा धुवायच्या, भांडी घासायची, पांढऱ्या मातीनं भिंती पोतारायच्या. लोक म्हनायचे, पाटलाच्यापेक्षा ह्यांचं घर पांढरं. आन तुम्ही शेवाळ काढून ठेवलं."

मला राग आला. शेवाळावरच माझे दोन रविवार गेले होते. बायको तोंडात पदर धरून हसत होती, त्याचा आणखी राग. पण त्या एवढी सलग वाक्यं बोलल्या होत्या, हेही लक्षात आलं. मी म्हटलं, "मग मामी, तुम्हीच पोतारा."

मेव्हण्याला सांगून गावाकडची पांढरी माती मागवली. त्यानं जुन्या गावठाणातूनच आणली, पिशवी भरून. सासूबाईंनी ती पातेल्यात भिजवली, फडक्यानं गाळली, आणि करंगळीला चिंधी गुंडाळून भिंती पोतारायला घेतल्या. माझे ओघळ, पोपडे, ओल, सगळं एका सकाळी पांढरं झालं. प्लास्टरनं पाणी ओढलं, दाराच्या पातळ फळ्या थोड्या वाकल्या. सासूबाई हात चालवता चालवता बोलत होत्या. दिवा कुठं असायचा, गाय कुठं बांधायचो, सासरे दाराच्या कुठल्या बाजूला बसून दाढी करायचे. बायको खाली बसून ऐकत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. तिला जे हवं होतं ते मिळत होतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

भिंती झाल्या. छतावर अजून नुसत्या किलच्याच होत्या. मी पातेल्यातली घट्ट माती काढून त्यांच्या ओंजळीत दिली. म्हटलं, "आता माळवद. म्हणजे घर पुरं झालं."

त्यांनी ओंजळ पुढं नेली आणि किलच्यांवर तशीच धरली. माती बोटांतून थोडी गळली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "वर नगं."

"का?"

"दर उन्हाळ्यात मातीचा एक थर टाकायचो. मिरगाच्या आदी. गळू नाही म्हून. म्या पाटीनं वर द्यायची, ह्यांनी पसरायची. लगीन होऊन आले तवापासून. जुनी खरडून काढावी म्हून कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. चांगली कंबरभर झाली होती."

गल्लीत कुठंतरी स्लॅबचं मशीन चालू होतं. बायको पुढं सरकली, तिनं आईचा दंड धरला. "आई, त्यात तुझा काय दोष?"

"दोष कोन म्हनलं," सासूबाई म्हणाल्या. "म्या नुसतं वजन सांगितलं."

ओंजळीतली माती त्यांनी परत पातेल्यात टाकली आणि हात धुवायला गेल्या.