ऐन लग्नसराईत थांबवलेला संगणक

पडद्यावर चित्र स्वच्छ दिसत असताना ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बदलायचा कशासाठी? हा प्रश्न मी शैलाताईंना विचारला होता. गेल्या महिन्यात मिरजेहून त्यांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा प्रथम आठवले ते त्यांचे उत्तर...

आम्ही रहिमतपूरला एकाच शाळेत शिकवत होतो. त्या संगणक, मी विज्ञान. निवृत्तीनंतर एकदा आम्ही इस्लामपूरला माझा भाचा विलास याच्या फोटो स्टुडिओत गेलो. विलास त्यांचाच विद्यार्थी. तिथल्या स्टुडिओंची रीत ठरलेली होती : ड्रायव्हरचा एकच पेनड्राइव्ह सगळ्यांकडे फिरायचा आणि अपडेटचे नाव निघायचे ते लग्नसराई उलटल्यावर. विलास एका जवानाच्या लग्नाची फिल्म जुळवत होता. दुसऱ्या दिवशी ती घेऊनच जवान ड्यूटीवर निघणार होता. ताईंनी ड्रायव्हरची जुनी आवृत्ती पाहिली आणि काम थांबवायला सांगितले.

“आवं बाई, चालतंय ते कशाला छेडायचं? लग्नं संपली की करतो.”

“कुणाची रे? या तालुक्यात लग्नं कधी संपली आहेत का?”

मग मीही कशासाठी म्हणून विचारले, तेव्हा माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “सर, ड्रायव्हर म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत न विचारता जाणारा माणूस. तो फसला, की प्रश्नपत्रिकांचं कपाट उघडं.” ड्रायव्हर संगणकाच्या गाभ्याशी काम करतो, त्यातल्या फटीतून एखादा साधा प्रोग्रॅमही सगळ्या यंत्राचा ताबा घेऊ शकतो. सापडलेल्या फटी नव्या आवृत्तीत बुजवलेल्या असतात. घरोघरचे फोटो तिथेच साठवलेले होते.

त्यांनी आधी फिल्मची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, जुना ड्रायव्हर काढला, नवा थेट कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवला. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खातेही उघडून दिले. पण एडिटिंगचा प्रोग्रॅम काही उघडेना!

“बाई, आता त्या जवानाला काय तोंड दाखवू?”

“आधी पडद्यावरची सूचना वाच, मग घाबर.”

त्या प्रोग्रॅमचीही नवी आवृत्ती हवी होती; ती घातली. दिवेलागणीला फिल्म पुन्हा पडद्यावर आली, तेव्हाच ताईंनी चहाचा कप हातात घेतला. सकाळी जवान दारातूनच ओरडला, “झालं का रं गड्या?” आणि फिल्म घेऊन गेला.

परवा इस्लामपूरला गेलो. लग्नसराई भरात होती. तरी संगणक अपडेटसाठी थांबलेला, गिऱ्हाईक बाकावर खोळंबलेले. त्या दिवशी ताई बसल्या होत्या ती खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे पाहत विलास म्हणाला, “मामा, बाईंनी थांबवलं असतंच की...”

अपडेटने प्रत्येक धोका टळतो असे ताई कधी म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. वाचकांना विनंती एवढीच, की माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या संगणकातला ड्रायव्हर कधीचा आहे आणि कुठून आला आहे, ते स्वतः उघडून पाहा.